परीक्षेआधीचे तीन आठवडे

फोन आला तेव्हा मी फार्माकॉलॉजीच्या तासाला बसले होते. आवाज बंद करून दप्तरात ठेवलेला फोन थरथरला, थांबला, परत थरथरला, परत... बाहेर काढून बघितला तर ईश्वरीचे, माझ्या मुलीचे, तीन कॉल येऊन गेलेले. ईश्वरी सहावीत आहे. आई तासाला असताना फोन करायचा नाही, हे तिच्या आजीनं तिला इतकं पक्कं शिकवलं होतं की ते तीन कॉल बघून मी सरांना न विचारताच वर्गाबाहेर पडले. पलीकडून ती अगदी हळू बोलत होती. आजीच्या हातातून चहाचा कप पडला, आजी तशीच बसून आहे, विचारलं तरी बोलत नाही. मी तिला म्हटलं, आजीला हसायला सांग. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘आई, एकाच बाजूनं हसतेय.’ मग दोन्ही हात वर करायला सांग. ‘उजवा येत नाहीये...’

मी शंभरेक किलोमीटर लांब, कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. पक्षाघात म्हणजे काय हे त्या मुलीला माहीत नव्हतं आणि मला सांगायचंही नव्हतं. आजीला डाव्या कुशीवर निजव, तोंडात पाणीसुद्धा घालू नको, हे कधीपासून झालं ती वेळ वहीत लिहून ठेव, समोरच्या हिरेमठ काकूंना बोलाव, असं एकेक सांगत गेले आणि ती एकेक करत गेली. मध्येच तिनं विचारलं, आजी मरणार आहे का? मी म्हटलं, आधी काकूंना बोलाव.

मिळेल त्या एसटीनं मी सोलापूरला दुपारी पोचले. तोवर महेश, माझे पती, कारखान्यावरून येऊन दवाखान्यात बसले होते. आत्याचे, म्हणजे ईश्वरीच्या आजीचे, डोळे उघडे होते. तिनं मला ओळखलं, डाव्या हातानं माझं बोट धरलं. बोलली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात लोकांनी मला बरंच काही सांगितलं. सासूनं सुनेला डॉक्टर करायला घेतलं, अशी सासू मिळायला भाग्य लागतं, वगैरे. ते खोटं नाही. पण ते तसं सरळही नव्हतं, आणि त्यातलं एक मी त्या लोकांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही. ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, आणि मी तिला समोर ‘तुम्ही’ म्हणत असले तरी मनात ती कायम ‘ती’च होती. माढा तालुक्यातल्या तिच्या गावात ती बारा-तेरा वर्षं शाळेत खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेला, त्या खिचडीच्या पातेल्यावर तिनं महेशला वाढवलं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण शाळेच्या घंटेवर जगलेली बाई, त्यामुळे वेळेची विलक्षण पक्की. ईश्वरी झाली तेव्हा ती शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. महेश माढ्याकडच्या एका साखर कारखान्यात नोकरीला, हंगामात आठवडा आठवडा घरी नसायचे. मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. म्हणजे घर आम्हा दोघींचं होतं, आणि दोघींत फारसं सख्य नव्हतं. भांडण म्हणावं असंही नव्हतं. एका ओट्यापाशी दोन बायका पाठीला पाठ लावून काम करतात, तसं काहीतरी.

बारावीला मला मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. पुन्हा बसायची इच्छा होती, पण माझ्यामागे दोन बहिणी, म्हणून वडिलांनी नर्सिंगला घातलं आणि मीही ते मन लावून केलं. पंधराएक वर्षांनी एका दुपारी वॉर्डातल्या एका रुग्णाचा श्वास मला बरोबर वाटेना. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही बीपी लिहा, बाकीचं आमच्यावर सोडा. संध्याकाळी त्या माणसाला आयसीयूत हलवावं लागलं. तो वाचला, डॉक्टरांनी नंतर मला चहाही पाजला. पण त्या आठवड्यात माझ्यासोबतच्या एका सिस्टरची धाकटी बहीण नीटचा फॉर्म भरत होती, आणि तिच्याकडून मला कळलं की या परीक्षेला आता वयाची अट राहिलेली नाही. ते ऐकल्यापासून मला झोप लागेना. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

महेशना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जमेल तुला. आत्याला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती थांबली नाही. ‘म्हंजे आता तू दप्तर घिऊन शाळंत जानार. आन पोरीचं दप्तर कोन भरनार?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन्ही भरीन. तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर वर्षभर या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही. शेजारी कुणी विचारलं तर, ‘तिचं तिला म्हाईत,’ म्हणायची.

ते पहिलं वर्ष मला आता नीट आठवतही नाही. सकाळी आठ ते दोन ड्युटी, तिथून गणवेश पिशवीत कोंबून स्कूटीवरून विजापूर रोडच्या क्लासला, सात वाजता घरी, ईश्वरीचा अभ्यास, मग माझा. क्लासमधली पोरं सतरा-अठरा वर्षांची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तशी सगळी उभी राहिली, त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. जीवशास्त्र मला सोपं जायचं, पण फिजिक्सच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसून घाम पुसत असायची. शेजारची पोरगी गणित सोडवून पेन खाली ठेवायची तेव्हा मी अजून आकृतीच काढत असायची. निकाल लागला तो अपेक्षेपेक्षा वाईट होता. आत्यानं त्या दिवशी गोडाचा शिरा केला. तो माझं सांत्वन करायला केला की सुटले एकदाची म्हणून, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा क्लासला नाव घातलं, आणि आमच्या घरातली हवा जी ताणली गेली ती वर्षभर तशीच राहिली.

त्या दुसऱ्या वर्षातली एक दुपार सांगायलाच हवी. मार्च संपत आला होता. ईश्वरीची शाळा लवकर सुटणार होती आणि तिला घ्यायला मी जाणार होते. वॉर्डात एक भरती आली, तिथून निघायला उशीर झाला, आणि डोक्यात संध्याकाळच्या टेस्टचा विचार चाललेला, त्यामुळे मी थेट क्लासला गेले. शाळा माझ्या लक्षातून पार गेली. सोलापूरचं ते ऊन... आठ-नऊ वर्षांची पोर तासभर शाळेच्या गेटपाशी उभी राहिली. शाळेतून घरी फोन गेला आणि आत्या गुडघे दुखत असताना चालत तिथवर गेली, कारण रिक्षा मिळेपर्यंत थांबायचं तिला सुचलंच नाही. संध्याकाळी मी घरी आले तर ईश्वरीच्या कपाळावर ओली पट्टी, आणि आत्या तिच्या उशाशी. मी दप्तर खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, ‘डाक्टर हो, न्हाईतर नगं होऊस. आदी आई हो.’

त्यानंतर परीक्षेला महिनाभर उरलेला असताना रुग्णालयानं सांगितलं की रजा आणि वेळेच्या सवलती आता बंद, पूर्ण वेळ या नाहीतर सोडा. मी पूर्ण वेळ गेले आणि तशीच परीक्षेला बसले. या खेपेला अगदी जवळ येऊन हुकलं. पहिल्या वेळेपेक्षा ते जास्त लागलं. निकालाच्या संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून महेशना फोनवर सांगितलं की आता पुरे, पुस्तकं कुणालातरी देऊन टाकते, ईश्वरीकडे लक्ष देते. आत्या आत लसूण सोलत होती. तिला सगळं ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. माझ्या खोलीत ती सहसा यायची नाही. पुस्तकांचा ढीग मी बांधायला काढला होता, त्याच्याजवळ ती खुर्ची ओढून बसली आणि शांतपणे बोलली. ‘दोन येळा हारलीस. तिसऱ्यांदा बी हारशील, मला काय त्यातलं कळत न्हाय. पन माज्या नावावर हारू नगंस. उद्या म्हनशील, सासूनं शिकू दिलं न्हाय, पोरीला कोन बघंना म्हून सोडलं. त्ये मला नगं.’ मी म्हटलं, मी तसं कधी म्हणणार नाही. ती म्हणाली, ‘त्वांडानं न्हाय म्हननार. मनात म्हनशील.’ मग उठली, ईश्वरीचं दप्तर उचललं, आणि त्या दिवसापासून ते दप्तर तिचं झालं. त्यात प्रेम होतं असं आता वाटतं. तेव्हा मला त्यात फक्त मान दिसला होता, कुणाचं देणं डोक्यावर घ्यायचं नाही असा ताठ, खेड्यातल्या बाईचा मान. आणि खरं सांगायचं तर प्रेमापेक्षा मला तोच पेलवला असता.

मी रुग्णालय सोडलं आणि एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम धरलं. पहाटे साडेपाचला निघून दहापर्यंत मोकळी. उरलेला दिवस अभ्यासाचा. आत्यानं घराला शाळेची घंटा लावली म्हणायला हरकत नाही. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. हिरेमठ काकू गप्पांना आल्या तर आत्या त्यांना जिन्यातच गाठायची. दर रविवारी मी तीन तासांचा सराव पेपर सोडवायची, त्यावर देखरेख तिची. समोर स्टुलावर बसून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायची आणि वेळ संपली की उठून माझ्या हातातून पेपर काढून घ्यायची. एकदा माझा एकच प्रश्न राहिला होता, उत्तर येत होतं. मी म्हटलं, आत्या, अर्धा मिनिट. ‘तितं कुनी दिनार हाय का?’ म्हणाली आणि पेपर ओढला. फाटला थोडा. मी त्या दिवशी तिच्यावर फार चिडले. पण पुढच्या रविवारपासून माझे प्रश्न वेळेत संपायला लागले.

आता त्या तीन आठवड्यांबद्दल.

एप्रिलच्या मध्यावर केव्हातरी मला पहिल्यांदा दिसलं. आत्या भाजी घेऊन जिना चढून यायची ती आधी एका दमात यायची. आता पहिल्या मजल्यावर पिशवी खाली ठेवून थांबायला लागली होती. मग तिची उशी दिसली. आधी एक होती, तिच्याखाली गोधडीची घडी आली, आठवड्याभरात ईश्वरीचीही उशी आली. मी पहाटे पाचला उठायची तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली असायची, जागी. चपलेच्या पट्ट्याचा वळ तिच्या पावलावर संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तेरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी. आडवं झाल्यावर दम लागतो, पाय सुजतात, तेव्हा काय समजायचं हे मी नव्या सिस्टरांना शिकवत होते. मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘ऊन लई हाय औंदा.’ आणि मी ते उत्तर घेतलं. मला ते हवं होतं म्हणून घेतलं. दवाखान्यात नेलं की भरती करतील, भरती झाली की ईश्वरी, घर, रात्रीचं कोण, महेशना रजा मिळेल की नाही, आणि तीन आठवडे... तीन वर्षं आणि दोन नापास निकाल त्या तीन आठवड्यांवर येऊन उभे होते. एवढं होऊन जाऊ दे, मग लगेच नेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला असं समजावणारे नातेवाईक मी आयुष्यभर बघितले होते आणि त्यांना मनातल्या मनात बोल लावला होता.

नर्सला एक सवय असते, समोरच्याला कळू न देता त्याचा श्वास मोजायची. मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि नजरेच्या कडेनं छातीचं वर-खाली होणं मोजत राहायचं. परीक्षेला आठ-दहा दिवस असताना मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आत्या ओट्याला दोन्ही हात टेकून खाली बघत उभी होती. मी माठातून पाणी घेतलं आणि माझी नजर आपोआप घड्याळाकडे गेली. अर्धा मिनिट मी मोजलं. आकडा चांगला नव्हता. मी तांब्या ठेवला आणि वळले, तर ती माझ्याकडे बघत होती.

‘किती भरलं?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘काय किती?’

ती परत ओट्याकडे वळली. मग म्हणाली, ‘काय न्हाय. जा, बस अब्यासाला.’

आणि मी जाऊन बसले. हेच ते, जे मी लोकांना सांगितलेलं नाही. मला दिसलं नाही, लक्षात आलं नाही, अभ्यासात बुडाले होते, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मी मोजून बघितलं होतं, आणि मोजून झाल्यावर खुर्चीत जाऊन बसले होते.

परीक्षेला आत जाताना अंगावर दागिना चालत नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या हातातल्या बांगड्या निघेनात. सणाला भरलेल्या, घट्ट. फोडाव्यात तर आत्याला ते अशुभ वाटेल म्हणून मी साबण लावून बघत होते. ती म्हणाली, हिरेमठ काकूंना बोलाव. मला कळलं ती असं का म्हणते ते. विधवा बाईनं सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या नाहीत, हे तिच्या हाडात होतं. पण काकू लग्नाला अक्कलकोटला गेलेल्या. शेवटी आत्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली, माझा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं हाड दाबत एकेक बांगडी काढायला लागली. तिचं डोकं माझ्या कानाजवळ होतं. तिच्या छातीतून बारीक बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. स्टेथोस्कोपाशिवाय ऐकू यावा इतका. आम्ही दोघी तो ऐकत होतो आणि दोघीही बांगड्यांबद्दल बोलत होतो. एकही फुटली नाही. तिनं त्या रुमालात बांधल्या आणि म्हणाली, उद्या आल्या आल्या घाल, हात मोकळा ठेवू नको.

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. महेश मला सोडायला आले. बाहेर पोरांच्या आयांनी रस्त्याच्या कडेला जिथं सावली मिळेल तिथं पथाऱ्या टाकल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी माझ्याच वयाच्या. पेपर कसा गेला ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप चालत होता. हृदयाच्या झडपांवर एक प्रश्न होता. तो मी बरोबर सोडवला.

गेटमधून बाहेर आल्यावर महेशनी विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, आधी घरी चला, आत्याला दवाखान्यात न्यायचंय. ते घाबरले, काय झालं म्हणून विचारत राहिले. मी स्कूटीवर मागे बसून त्यांना एवढंच म्हणाले की लवकर चला. घरी आलो तर आत्या खुर्चीत बसली होती, इस्त्रीचं लुगडं नेसून. पायाशी पिशवी, त्यात दोन लुगडी, टॉवेल, कवळीची डबी. ईश्वरीला तिनं हिरेमठ काकूंच्या मुलीकडे सोपवलं होतं. मला बघितल्यावर म्हणाली, ‘चल आता.’ बांगड्यांचा रुमाल तिच्या हातात होता. रिक्षात बसल्यावर तिनं त्या माझ्या हातात चढवल्या.

डॉक्टरांनी तपासलं, इको केला. हृदयाची एक झडप आकसलेली होती. लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला असणार, त्यानं अशी झडप हळूहळू अरुंद होत जाते, असं त्यांनी महेशना समजावलं. म्हणजे ती सगळी वर्षं ही बाई शेकडो पोरांची खिचडी ढवळत होती ती त्या अरुंद वाटेवर. आणि आता फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टरांना कुणीतरी मी नर्स असल्याचं सांगितलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, घरात सिस्टर असून पेशंट या अवस्थेला येईपर्यंत काय करत होतात तुम्ही? मी तोंड उघडणार तेवढ्यात पलंगावरून, तोंडावरचा मास्क बाजूला करून आत्या बोलली. ‘मी सांगिटलंच न्हाय तिला. लपवलं.’ आणि मास्क परत लावून घेतला. मी तिथं उभी राहिले, आणि ते खोटं मी खोडून काढलं नाही.

मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप मोकळी करतात, तसं केलं. महिन्याभरात आत्या पुन्हा जिना चढायला लागली, हळूहळू, पण न थांबता. मी एकदा डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. झडप जुनीच आहे, ठोक्यांची लय बिघडलीय ती आज ना उद्या बिघडलीच असती. कदाचित. त्या ‘कदाचित’वर मी आजवर कितीतरी वेळा जाऊन आले.

तिसऱ्या खेपेला माझं नाव लागलं. शेजारच्या जिल्ह्यातलं सरकारी कॉलेज. तेव्हा मी जायचं नाही असं ठरवलं होतं, अशा बाईच्या भरवशावर मुलगी टाकून किंवा मुलीच्या भरवशावर अशी बाई टाकून कसं जायचं? आत्यानं महेशना बोलावून सांगितलं की ही गेली नाही तर मी गावाला जाते आणि माझ्या गोळ्या हितंच ठेवून जाते. ती गेली असती. महेशनी कारखान्यावरची खोली सोडली आणि रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करायला लागले. ईश्वरी आजीच्या गोळ्या डबीत वारानुसार लावायला शिकली. मी हॉस्टेलवर गेले. माझ्या वर्गातली मुलं मला ताई म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला वॉर्ड सुरू झाले होते, माझा स्वतःचा स्टेथोस्कोप होता. दुपारी आत्या पडली होती. मी म्हटलं, ऐकू का? तिनं पदर बाजूला केला. मी तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, तसंच वळवून ऐकावं लागतं. तो आवाज मी आधी पुस्तकात वाचला होता, नंतर वॉर्डातल्या अनोळखी छातीवर ऐकला होता. ठोके अनियमित, आणि मधे ती लांबवर दळण चालावं तशी घरघर. मी खूप वेळ ऐकत राहिले.

‘काय म्हनतंय?’ तिनं विचारलं.

मी कानातून नळ्या काढल्या आणि म्हटलं, ‘आत्या, मला तेव्हा दिसलं होतं. मी मोजलं होतं.’

ती भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, ‘मला बी दिसलं हुतं की, तुला दिसलंय त्ये.’

‘मग तुम्ही का नाही म्हणालात, दवाखान्यात ने म्हणून?’

‘तू का न्हाय न्हेलंस?’ ती म्हणाली. ‘एकलीच कशाला घेतीस? निम्मं माजं हाय.’

पदर सारखा करून ती उठून बसली. चहा टाकायला गेली नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तसलं काही तिच्यात नव्हतं. खोलीतून बाहेर पडताना दाराशी थांबून एवढंच म्हणाली, ‘माजं चाललं. दुसऱ्याच्या आईचं आसं करू नगंस.’ त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. मला वाटलं होतं, अजून बरीच वर्षं आहेत, कधीतरी निघेल...

मी पुन्हा कॉलेजला जायला लागले आहे. शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून सोलापूरला येते, सोमवारी पहाटे परत जाते. तिचा पलंग महेशनी अजून हलवलेला नाही. पण घरात शिरल्यावर मला ती पलंगावर सापडत नाही.

तिची एक सवय होती. इतकी रोजची की ती असताना कधी जाणवलीच नाही. बेल वाजली की ती आतून विचारायची, ‘कोन हाय?’ आपण ‘मी’ म्हटलं की तेवढ्यानं भागायचं नाही. ‘मी म्हंजी कोन?’ दिवसभर उभं राहून आलेलं असावं, हातात पिशव्या असाव्यात, आणि ही कडी काढायची नाही. महेश वैतागायचे, आई, आवाज ओळखत नाहीस का? ती म्हणायची, ‘चोर बी मीच म्हनंल की.’ नाव घेतल्याशिवाय त्या घरात कुणाला प्रवेश नव्हता.

मागच्या शनिवारी पोचायला उशीर झाला. दोन मजले चढून मी बेल दाबली. आत पावलं वाजली आणि थांबली. ईश्वरी इंग्रजी शाळेत जाते, घरात आमच्याशी शहरातलं बोलते. पण दाराआडून आवाज आला तो थेट माढ्याकडचा.

‘कोन हाय?’

‘मी,’ मी म्हटलं.

मग आवाज आला.

‘मी म्हंजी कोन?’

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग माझं नाव सांगितलं, पूर्ण, आणि कडी निघायची वाट बघत उभी राहिले.